गवतात गेलेले बाण

शनिवार, १ फेब्रुवारी

आज, १ फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, धनुर्विद्या क्लबच्या मैदानावर, सगळ्या पालकांच्या देखत माझ्या नातीचा अपमान झाला. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात बघून घेतली. असल्या गोष्टींची वेळ तिथल्या तिथे बघून ठेवावी, नाहीतर नंतर लोक म्हणतात असं काही घडलंच नाही.

घडलं ते असं. टिटवी तिच्या जागेवर उभी होती. टिटवी म्हणजे माझी नात. लहानपणी दिवसभर कलकल करायची म्हणून मी ठेवलेलं नाव. आता सतरा वर्षांची आहे आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तरी खूप झालं. तिने धनुष्य उचललं, दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि सोडेचना. हात थरथरायला लागला. दोरी सावकाश सैल केली, धनुष्य खाली. पुन्हा ओढली, पुन्हा खाली. गेले काही महिने हेच चाललं आहे. ज्या मुलीचा बाण मधल्या पिवळ्या वर्तुळाबाहेर जात नसे, जी मागच्या वर्षी सुवर्णपदक घेऊन आली, तिच्या हातून बाणच सुटत नाही. थकवा असेल, जागरण असेल, तो मोबाइल तर आहेच. झटकून टाकलं की जाईल, असं मी तिला रोज सांगते.

तर तिची नवी प्रशिक्षिका, जी गळ्यात शिट्टी अडकवून फिरते आणि जिला मी शिट्टीबाई म्हणते, ती रमतगमत टार्गेटपाशी गेली, त्यावरचा कागद काढला, गुंडाळी केली आणि काखेत मारली. मागे उरला नुसता गवताचा गठ्ठा. मग टिटवीला गठ्ठ्यापासून पाच पावलांवर आणून उभं केलं आणि म्हणाली, "डोळे मीट आणि सोड. कुठे लागला ते बघायचं नाही."

पाच पावलं! तेवढ्यावरून मी थर्मास फेकून मारला तरी लागेल. बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी आईने मला विचारलं, "नवीन आहे का हो ती?"  मी सरळ मैदानात शिरले.

"अहो, तो कागद परत लावा."

"आजी, रेषेच्या मागे उभ्या राहा. बाण चालू आहेत."

"मी तिची आजी. तुमची नव्हे."

"बरं. मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. कागद लावा."

"लावीन की. ती मागेल तेव्हा."

"तेवीस मार्चला निवड चाचणी आहे, ठाऊक आहे ना? तिथे काय गवतावर नेम धरायचा?"

"गवतावर नेम धरावाच लागत नाही आजी, तेच तर बरं आहे," असं म्हणाली आणि हसली. हसली!

घरी आल्याआल्या क्लबच्या सचिवांना तक्रार लिहिली. एकही खाडाखोड नाही. सात दिवसांत लेखी उत्तर मागितलं आहे.

मिशनच्या निवासी शाळेत सिस्टर आम्हाला झोपण्याआधी आभाराची एक ओळ लिहायला लावत. कितीही वाईट दिवस गेला तरी एक ओळ. ती सवय अजून सुटलेली नाही, म्हणून लिहिते: थर्मासचं झाकण घट्ट होतं याबद्दल आभार. नाहीतर चहा त्या बाईच्या अंगावर गेला असता आणि तक्रार तिने केली असती.

सोमवार, ३ फेब्रुवारी

तक्रार नेऊन दिली. सचिव म्हणाले, "पाहू या." मी म्हटलं, "पाहायचं नाही, वाचायचं. आणि पोचल्याचा शिक्का द्या." शिक्का शोधायलाच त्यांना अर्धा तास लागला. क्लब कसा चालतो ते तेवढ्यात कळलं.

रात्री जेवताना टिटवीला विचारलं, "आज किती?"

रोज विचारते. ती शाळेच्या मैदानात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हापासून. तिला हुरूप यावा म्हणून.

"आम्ही मोजत नाही आजी आता."

"मोजत नाही? मग कळतं कसं?"

"काय?"

"बरोबर की चूक!"

चिरंजीवांनी ताटात डोकं घातलं. माझा मुलगा असल्या वेळी असाच वागतो. भात संपला तरी चमचा फिरवत राहतो. सूनबाई म्हणाल्या, "आई, आमटी घ्या." मी आमटी घेतली, पण बोलायचं ते बोलले. उभा जन्म मी रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीत काढला. दहापैकी नऊ पुड्या बरोबर दिल्या म्हणून मला कुणी शाबासकी दिली असती का? दहावी ज्याच्या हातात पडली त्याच्या घरच्यांना विचारा. नऊ म्हणजे चूक. एवढं साधं आहे.

टिटवी "हो आजी" म्हणाली आणि उठली. पोळी अर्धीच खाल्ली होती. हल्ली ती भिंतीकडे पाठ करून बसते. तिचे दहा-दहा गुणांचे कागद मी चौकटीत घालून जेवणाच्या टेबलासमोर लावले आहेत, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसते. तिकडे वारा लागतो म्हणाली.

आभार: आमटीला. गरम होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी घरात नुसता गोंधळ. टिटवीची निळी क्लिप हरवली. केसांना लावायची साधी प्लास्टिकची क्लिप, दोन दात तुटलेली. ती लावल्याशिवाय ही पोरगी मैदानावर जात नाही. शिवाय आधी डावाच बूट घालायचा, निघताना कुणी "छान मार" म्हणायचं नाही, आणि मी बाकाच्या टोकालाच बसायचं, अशी सगळी कलमं आहेत. आज कपाट उपसलं, उशीचे अभ्रे उलटे केले, शेवटी जमिनीवर बसून रडायला लागली.

मला अंधश्रद्धा अजिबात खपत नाही. आम्हाला शाळेत प्रत्येक गोष्टीला कारण विचारायला शिकवलं आहे. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले (जमिनीवर बसले तर उठवायला माणसं लागतात) आणि तिला नीट तर्काने समजावलं.

"बाण कोण मारतं? तू की क्लिप?"

"मी."

"मग क्लिपेचा काय संबंध?"

"ती नसली तर माझ्या हातून चुकतं."

"आणि चुकलं तर?"

तिने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "मग माझ्यात काय राहिलं, आजी?"

 एवढीशी मुलगी, आणि काय बोलते! मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि धीर दिला. म्हटलं, "भलतंसलतं मनात आणू नकोस. तू चुकणारच नाहीस. आपल्या घरात कुणी चुकत नाही."

वाटलं होतं बरं वाटेल तिला. उलट रडणं थांबलं आणि एकदम गप्प झाली, नळ बंद करावा तशी. मैदानावर गेलीच नाही.

आभार काय लिहू? डोकं मांडीवर ठेवून पडली होती तेवढा वेळ. मोठी झाल्यापासून असं डोकं ठेवलं नव्हतं तिने.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सात दिवस उलटले. सचिवांचं उत्तर नाही. उत्तराऐवजी दुपारी चारला शिट्टीबाई स्वतः दारात! शिट्टी गळ्यातच होती. म्हटलं, या, दारात उभं करायची पद्धत नाही आमच्याकडे. चहा टाकला. बिस्किटं मात्र साधी काढली, क्रीमची नाही.

ती नेमकी भिंतीसमोरच्या खुर्चीत बसली. चौकटींकडे बराच वेळ बघत राहिली.

"इथे कोण बसतं?"

"टिटवी बसायची. आता समोर बसते. तिकडे वारा लागतो तिला."

तिने वर पाहिलं. पंखा बरोबर तिच्या डोक्यावर होता, पण हिवाळाभर बंदच.  ती चहा ढवळत राहिली, आणि मी तर साखर आधीच विरघळवून दिली होती.

मग कामाचं बोलायला लागली. "मी तिला विचारलं, दोरी ओढलीस की डोक्यात काय असतं? म्हणाली, दहा लागलाच पाहिजे. नाही लागला तर? तर मी कशालाच लायक नाही. आजी, एवढं ओझं घेऊन बोटं सुटत नाहीत. सोडलं की निकाल लागणार, त्यापेक्षा न सोडलेलं बरं, असं हातच ठरवतो. आमच्याकडे बऱ्याच चांगल्या खेळाडूंना हे होतं. चांगल्यांनाच जास्त."

"पण दहा लागलाच पाहिजे हे खरंच आहे ना?"

"लागला तर आवडेल, असं म्हणून बघा."

"आवडेल? बाण म्हणजे काय आइस्क्रीम आहे?"

ती इतकी हसली की बिस्कीट चहात पडलं. मी चमचा दिला.

मी तिला क्लिपेचं सांगितलं. म्हटलं, मी चांगली खरडपट्टी काढली, क्लिपेत काही जादू नसते म्हणून. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मग 'पाहिजेच' मध्ये असते का?"

"ती शिस्त आहे. मी औषधाच्या खिडकीत..."

"तिथे ते बरोबरच होतं, आजी. तुमच्या हातून चूक झाली असती तर माणूस दगावला असता. इथे चुकलेला बाण गवतात जातो. आपण जाऊन उचलून आणतो."

 ती गेल्यावर कपबशी धुताना यावर दोन चांगली उत्तरं सुचली, पण तोवर ती कोपऱ्यापलीकडे गेली होती. जाताना म्हणाली, "एकदा मैदानावर या. बाकावर नाही, आत." म्हटलं, येईन. तक्रारीला पुरावा लागतोच.

आभार: बाई वेळेवर आली आणि वेळेवर गेली. हल्ली एवढंही कुणाला जमत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहायला हवं. हात दुखतो आहे, तरी लिहिते.

सकाळी पुरावा गोळा करायला गेले. टिटवी पाच पावलांवर उभी, डोळे मिटलेले, समोर बिनकागदाचा गठ्ठा. ओढते, सोडते. ओढते, सोडते. बाण गठ्ठ्यात थाडकन शिरायचा आणि ती डोळे न उघडताच पुढचा लावायची. काही महिन्यांनी मी तो आवाज लागोपाठ ऐकला. पण आवाज ऐकायला आलो आहोत का आपण, असा विचार करत होते तेवढ्यात शिट्टीबाईंनी माझ्या हातात एक छोटं लाकडी धनुष्य ठेवलं.

"हे काय?"

"तक्रार करायची तर अनुभवाने करा."

आता यावर माघार घेतली असती तर बाकावरच्या त्या आईसमोर शोभलं नसतं. चष्मा नाकावर नीट बसवला. डोळे मिटले. पहिला बाण सोडला तो दोरी कोपराखाली सपकन लागली आणि बाण गठ्ठ्याच्या डावीकडून कुठेतरी झुडपात.

टिटवी हसली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पोट धरून. "आजी, तो गठ्ठा घाबरून पळाला असता!" किती दिवसांनी ऐकलं ते हसू. त्यासाठी मी आणखी दोन बाण झुडपात घातले असते.

पण दुसऱ्या वेळी भलतंच झालं. मी दोरी ओढली आणि ऐकू आलं, बाकावर कुणीतरी म्हणालं, "आजी मारतायत बघ." झालं. बोटं उघडेनात. मी त्यांना सांगते आहे उघडा, आणि ती माझं ऐकत नाहीत. पहिला गेला, हा लागायलाच हवा, एवढंच डोक्यात घुमत होतं. हात थरथरायला लागला.  म्हटलं, संधिवात. नक्कीच संधिवात, फेब्रुवारीत बोटं आखडतात.

टिटवी मागून येऊन उभी राहिली. माझ्या कोपराला खालून आधार दिला आणि कानाशी म्हणाली, "कुठे जातोय ते बघू नकोस आजी. नुसता सोड."

"आणि चुकला तर?"

"तर गवतात शोधू. दोघी."

मी सोडला. चुकला.

आम्ही दोघी गवतात शोधत फिरलो. ती पुढे, मी मागे काठीसारखं धनुष्य टेकत. शोधता शोधता ती बोलायला लागली. कुठला बाण कसा पडतो, पिसं कशाला असतात, शिट्टीबाई स्पर्धेच्या वयात असताना एका मोठ्या स्पर्धेत चुकून शेजारच्याच्या टार्गेटवर मारून आल्या होत्या आणि तो किस्सा त्या सगळ्यांना स्वतः सांगतात. मी मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. बाण सापडला होता, माझ्या बुटाजवळच होता. मी त्यावर पाय ठेवला आणि आणखी थोडा वेळ शोधत राहिले.

आभार: त्या बाणाचे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हातावर चांगला जांभळा वळ उठला आहे. मलम मीच निवडलं, दुकानातला पोरगा भलतंच देत होता. चिरंजीव म्हणाले, "आई, या वयात हे कशाला?" मी म्हटलं, "तू तुझ्या वयात काय केलंस ते सांग आधी." परत भातात डोकं.

भिंतीवरच्या चौकटी पुसायला काढल्या. काचांवर फार धूळ बसली होती. पुसून झाल्यावर खिळे हलताहेत असं लक्षात आलं, म्हणून सध्या माझ्या पलंगाखाली ठेवल्या आहेत. सूनबाईंनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता माझ्या ताटात दुसरं ऑम्लेट वाढलं. ही सून तशी शहाणी आहे. आजचे आभार तिला.

टिटवी आज जेवायला जुन्या जागी बसली. पंख्याखाली बरं वाटतं म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

आज टिटवीने स्वतःहून कागद मागितला. शिट्टीबाईंनी हो-नाही काही न म्हणता काखेतली गुंडाळी दिली, जणू त्या दिवसापासून तिथेच होती. टिटवीने आपल्या हाताने लावला, मागे आली, ओढली आणि सोडली. आठ लागला. मग सात. मग दहा. मग एकदा अडली, दोरी सैल केली, खांदे हलवले, आणि परत ओढली. शिट्टीबाई तेव्हा दुसरीकडेच बघत होत्या, मुद्दाम.

मी मात्र बघत होते. माझे ओठ "किती" साठी उघडले होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात बिस्कीट ठेवलं. क्रीमचं.

निळी क्लिप फ्रिजच्या मागे सापडली. टिटवीने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "आजी, तूच घे. नेम धरताना तुझे केस डोळ्यांवर येतात." आता मैदानावर मी ती लावते. निव्वळ केसांसाठी. आज न लावता दोन बाण मारून बघितले, काही फरक नाही, दोन्ही वेळा झुडूपच.

रविवार, २३ मार्च

निवड चाचणी झाली. सगळं लिहिते.

सकाळी टिटवीने उजवा बूट आधी घातला. मी दारात होते, पण बोलले नाही. ती जिना उतरताना थांबली आणि वर बघून म्हणाली, "म्हण ना आजी, छान मार."  मी नुसता हात हलवला.

मैदानावर मी बाकाच्या टोकाला बसले, ती म्हणाली मध्ये बस, तिथे सावली आहे.

पहिल्या फेरीत चांगली चालली होती. मग मधेच एकदा पूर्वीसारखी अडली. दोरी हनुवटीला, हात थरथरतोय, वेळ पळतोय. मी थर्मास इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले. ती खाली आली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. घंटा वाजायला जरासा अवकाश. मी मनात म्हणत होते, सोड बाळ, कुठे जातोय ते बघू नकोस, गवतात शोधू आपण. आणि तिने सोडला. कागदाच्या बाहेर. साफ बाहेर. सगळ्या मैदानाने पाहिला.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत तिचा एक बाण आठवर गेला होता तर ती प्रसाधनगृहाची कडी लावून बसली होती आणि बक्षीस घ्यायलाही बाहेर आली नव्हती. आज तिने मान हलवली, नाक मुरडलं, पुढचा बाण काढला, आणि तो पिवळ्यात मारला. त्यापुढचाही. शेवटपर्यंत एकही बाण हातात अडकला नाही.

निवड झाली नाही. एका जागेने हुकली. त्या बाहेर गेलेल्या बाणानेच.

मी तिच्याकडे चालत गेले. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होते. जिभेवर तोच एक शब्द होता, तो गिळला आणि विचारलं, "काही खाल्लंस का?"

"नाही! भूक लागलीय मरणाची. आजी, तू बघितलास तो बाण? तिसऱ्या झाडाला लागला असणार! शिट्टीबाई म्हणाल्या, त्यांच्या शेजाऱ्याच्या टार्गेटपेक्षा हे बरंच सभ्य. आणि पुढच्या वर्षी परत आहे चाचणी. जिंकायला आवडलं असतं ग. खूप आवडलं असतं. थोडं रडू येतंय, पण भूक जास्त आहे."

दोन केळी, सूनबाईंचे सगळे सँडविच आणि माझ्या वाटणीचं उकडलेलं अंडं खाल्लं. गाडीत घर येईपर्यंत बोलत होती. चिरंजीव गाडी चालवताना डोळे पुसत होते. उन्हामुळे, असं ते म्हणाले. आमच्या घरात सगळ्यांना ऊन फार लागतं.

आज आभाराची एक ओळ पुरणार नाही. अंड्याचे, केळ्यांचे, त्या झाडाचे. टिटवी टिवटिवली याचे. आणि लिहिते बाई, लिहिते: शिट्टीबाईंचे.

मंगळवार, २५ मार्च

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी क्लबच्या फलकावर नोटीस लागली. वेळ बघून घेतली आहे. प्रशिक्षिकांची मुदत वाढवण्यात येणार नाही. कारणं: "एका होतकरू खेळाडूची निवड न होणे" आणि "ज्येष्ठ पालकाची दिनांक १ फेब्रुवारीची गंभीर तक्रार."

ज्येष्ठ पालक म्हणजे मी.

टिटवी नोटिशीसमोर उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्या गेल्या तर मी कुणाकडे शिकू, आजी? पहिल्यासारखं झालं तर?"

शिट्टीबाई बाण गोळा करत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. गवतातला एक बाण उचलून त्यांच्या हातात दिला. त्याच म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचून दाखवलं मला. छान होतं. एकही चूक नव्हती."

"पुढच्या महिन्यात काय करणार तुम्ही?"

"काहीतरी मिळेल. नाही मिळालं तर वाईट वाटेल, पण आकाश नाही कोसळणार." मग माझ्या केसांकडे बघून, "क्लिप छान दिसते."

घरी आले आणि बसले टेबलाशी. लिहिलं, फाडलं, लिहिलं. टिटवी खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून वाचत होती.

"आजी, 'पाहिजेच' तीनदा आलंय."

"यायलाच पाहिजे."

"चारदा."

दोन खोडले. तिसऱ्यावर आमचं भांडण झालं, तेही खोडलं. उद्या सकाळी क्लबचं दार उघडताच नेऊन देणार, शिक्का घेणार. प्रत इथे उतरवून ठेवते.

"सचिव महोदय,

माझ्या १ फेब्रुवारीच्या तक्रारीचं लेखी उत्तर मी सात दिवसांत मागितलं होतं. ते आजतागायत आलेलं नाही. ज्या तक्रारीला आपण उत्तर दिलं नाही, ती आपल्याला नोटिशीत वापरता येणार नाही. ती माझी आहे. मी ती परत घेत आहे.

आपल्या प्रशिक्षिकांनी माझ्या नातीच्या समोरचा कागद काढून घेतला, हे खरं आहे. त्यानंतर ती पोटभर जेवू लागली, हसू लागली, आणि परवाच्या चाचणीत चुकलेल्या बाणानंतर पुढचा बाण मारू शकली. आपण निवड झाली नाही एवढंच पाहिलंत. मी त्या दिवशी मैदानावर होते, आपण नव्हता. चौकशी केली तर चहाच्या टपरीवर होता असं कळलं.

प्रशिक्षिकांची मुदत वाढवावी, आणि त्यांचे आभार मानणारं एक वाक्य समितीच्या सभेत नोंदवावं. वाक्य सुचत नसेल तर मी लिहून देईन.

ज्येष्ठांच्या तुकडीत माझंही नाव घालावं. माझे बाण झुडपात जातात, त्याची कल्पना प्रशिक्षिकांना आहे.

याचं लेखी उत्तर शुक्रवार, २८ मार्च रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळालं तर मला आवडेल. नाही मिळालं तर आकाश कोसळणार नाही. फक्त पाच वाजून पाच मिनिटांनी मी आपल्या दारात असेन, धनुष्यासह, आणि माझा नेम कसा आहे ते वर लिहिलेलंच आहे."